जाधव मास्तरांची दोरी

जाधव मास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला पाढे शिकवले नाहीत. एसटीच्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, आणि हे गृहस्थ अलिबाग-मुरूड रस्त्यावर उभी हयात कंडक्टर होते. पण त्यांच्याइतकी शिस्त लावणारा माणूस मला शाळेतही भेटला नाही. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, बँक असो, दारात चार माणसं घुटमळली की मागून खणखणीत आवाज यायचा, "आधी उतरू द्या! मग चढा!" एकदा मयताच्या घरीसुद्धा म्हणाले. आणि खरं सांगतो, तिथली कोंडी ताबडतोब सुटली.

दुसरी सवय बोटांची. निघायचं असलं की हाताशी येईल त्या वस्तूवर दोनदा टकटक. टेबल, दार, रिक्षाचा पत्रा, एकदा तर माझी पाठ. आणि थांबवायचं असलं तर एकच टक. रोज सकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फिरून झालं की आम्ही तिघे एका बाकावर बसायचो. माझी गोष्ट लांबायला लागली की मास्तर बाकावर एकदा बोट आपटायचे. मी बँकेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, मला मॅनेजरनेही असं गप्प केलं नव्हतं. राग यायचा, पण गप्प व्हायचो.

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मास्तरांनी ते घेतलं आणि वर मोडीत निघालेल्या आपल्या गाडीतली घंटीची दोरी मागून घेतली. ती दोरी मग सगळ्या कामांना. त्याच दोरीवर पावसाळ्यात कपडे, त्याच दोरीनं बांधलेली बॅग, कोणाची सुटलेली शेळी सापडली तर तिच्याही गळ्यात तीच.

आता वेशीचं सांगितल्याशिवाय मास्तर पुरे व्हायचे नाहीत. आमचं गाव चौलच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं. गावाला एक दगडी वेस आहे. कमान शाबूत, दारं कधीच गेलेली, दोन्ही अंगांना बसायला जोती. कोणी म्हणतं पोर्तुगीजांनी बांधली, कोणी म्हणतं त्यांच्याही आधीची. माझे काका ठामपणे सांगायचे की आमच्याच पूर्वजांनी बांधली. चौलात जे जे काही पडायचं राहिलंय ते सगळं काकांच्या मते आमच्या पूर्वजांचं होतं. वेशीतून माणूस जातो, गुरं जातात, रिक्षा जाते. चारचाकी जात नाही. गाड्या बाहेर वडाखाली लावायच्या आणि चालत आत यायचं, ही पहिल्यापासूनची रीत.

मास्तरांचे आजोबा या वेशीचे वेसकर. म्हणजे रात्रभर गावाची राखण करायची, आणि तीही बाहेरच्या जोत्यावर बसून. आत यायचं ते कोणी हाक मारली तर. आमच्या घरातून त्यांना भाकरी जायची, ती जोत्यावर ठेवली जायची. हातात नाही. हे मला मास्तरांनीच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, पुढचा थांबा सांगावा तसं. मी तेव्हा चहा पीत होतो, तो अर्धाच खाली ठेवला.

निवृत्तीनंतर मास्तरांनी बौद्धवाडीतलं घर धाकट्या भावाला दिलं आणि वेशीच्या आतलं माझ्या चुलतभावाचं घर विकत घेतलं. गावात केवढी सभ्य खळबळ! आमच्याकडे जात कोणी मानत नाही. ज्याला विचारावं तो हेच सांगत होता, न विचारताही सांगत होता. "आम्ही कुठं मानतो? पण त्यांनाच करमणार नाही हो आत." मीही त्यातलाच. शहाणपणा करून त्यांना सांगायला गेलो, "मास्तर, घर जुनं आहे, गळतं. नीट विचार करा."

"अप्पा, छप्पर गळतंय ते मी बघितलंय," मास्तर म्हणाले. "तुम्ही दुसरंच काय तरी सांगताय." आणि खांबावर एक टक.

मी घरी आलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

पुढे वर्षभरात अर्ध्या गावाला मास्तरांवाचून करमेना हा भाग वेगळा. कोणाची पेन्शनची कागदं, कोणाचं आधार कार्ड, कोणाच्या सुनेला डेपोत सोडणं. सगळे "मास्तर, मास्तर" करत त्याच गळक्या घरात.

बाकावरचा तिसरा म्हणजे विजू म्हात्रे. भली मोठी वाडी, त्यात दोन होमस्टे, आणि डोक्यात कायम तिसरा. माणूस वाईट नाही. फक्त झाड दिसलं की त्याला त्याखाली टेबल-खुर्ची दिसते.

आम्ही तिघे इटलीला गेलो ते मास्तरांच्या मुलामुळे. तो पुण्यात कंपनीत आहे, त्यानं आई-बापाला टूरवर पाठवायचं ठरवलं. मग आमच्या घरातून आणि विजूच्या घरातून जे काही बोलणं झालं त्याचा निकाल म्हणजे आम्हीही निघालो. टूर कसली, रोज सकाळी सहाला नाश्ता, सातला बस, शहर संपलं, पुढचं शहर. मास्तर चौथ्या दिवशी म्हणाले, "ही टूर न्हाय अप्पा, जलद गाडी हाय. थांबे कमी आणि धक्के जास्त."

शेवटी एक मोकळा दिवस आला. बायका टूरवाल्यांबरोबर खरेदीला गेल्या. आम्ही तिघे तिथल्या साध्या बसनं डोंगरावरच्या एका जुन्या गावाला गेलो. त्या गावाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही आणि विजूनं उच्चारलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

बसमध्ये कंडक्टर नव्हता. तिकीट यंत्रात. मास्तरांना हे फार लागलं. "मग गाडी सोडतं कोण?" असं त्यांनी दोनदा विचारलं. उतरताना त्यांनी सगळ्यांना आधी उतरू दिलं, मग खाली उभं राहून पत्र्यावर दोन टकटक केली. ड्रायव्हरनं दचकून आरशात बघितलं आणि गाडी काढली. मास्तरांची तब्येत एकदम सुधारली.

बस डोंगराच्या पायथ्याशीच थांबते. वर गाडी नाही. पायऱ्या चढत आम्ही गेलो, विजू दर वळणावर "इथं लिफ्ट पायजे" म्हणत आणि मी माझ्या गुडघ्याची हकीगत सांगत. आणि वर पोचलो तर समोर वेस. दगडी. कमान. दोन्ही अंगांना जोती.

मास्तर उभेच राहिले. चपला काढतात की काय असं वाटलं मला.

"विजू," ते म्हणाले, "ही आपलीच हाय रे."

आत गाव बघायला आम्ही गेलो खरे, पण प्रत्येकानं आपापलंच बघितलं. मी एवढीशी कडू कॉफी पिऊन तोंड वाकडं केलं आणि आपल्याकडच्या चहाची आठवण सगळ्यांना ऐकवली. एका दुकानाच्या दारावर रानडुकराचं मुंडकं लावलं होतं, त्याच्याबरोबर फोटो काढला. विजू दर भिंतीला हात लावून "फिनिश बघ, फिनिश" म्हणत होता. पोपडे उडालेल्या भिंतीला फिनिश म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मास्तर मात्र चौकातल्या विहिरीवर बसून नुसते बघत होते. खिडकीतली वाळत घातलेली धुणी, बोळातून भाजी घेऊन हळूहळू चढणारी म्हातारी, आणि अंग चोरून वेशीतून आत आलेला तीनचाकी टेंपो. त्यात गॅसचा सिलिंडर, पिठाची पोती, आणि पुढच्या फेरीला चक्क पाय प्लास्टरमध्ये घातलेली एक आजीबाई.

"बघा," मास्तर म्हणाले. "वेस न्हाय मोडली. गाडी बारीक केली."

दुपारी परत वेशीपाशी आलो तर मास्तरांनी बॅगेची दोरी सोडली. बॅगेतला चिवडा आणि माझं स्वेटर जोत्यावर. वेशीची रुंदी मोजायची होती. विजू म्हणाला, "मास्तर, पोलीस धरतील." मी म्हणालो, "लोक बघताहेत." आम्ही दोघं त्यांचे मित्र, म्हणून थोडं लांब जाऊन उभे राहिलो.

जोत्यावर टोपीवाला एक म्हातारा काठी टेकून बसला होता. तो उठला, मास्तरांकडे आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. मास्तरांनी मराठीत उत्तर दिलं, परक्याला कळावं म्हणून जरा मोठ्यानं. "आमच्या गावाला पण हाय! वेस! अशीच!" म्हाताऱ्यानं मान हलवली, दोरीचं एक टोक घेतलं आणि भिंतीला टेकवून धरलं. मास्तरांनी दोरी समोरच्या भिंतीपर्यंत ताणली आणि तिथं खुणेची गाठ मारली. मग म्हाताऱ्यानं खाली उभ्या बसकडे बोट दाखवलं, वेशीकडे दाखवलं, आणि ते बोट नाकासमोर असं काही हलवलं की भाषा येत नसताना आम्हा तिघांना सगळं कळलं. मास्तर खुशीत हसले. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझा आजा. वेसकर." म्हाताऱ्यानंही छातीवर हात ठेवला. त्याला काय समजलं कोण जाणे. दोघं मग जोत्यावर शेजारी शेजारी बसले आणि चिवडा खाल्ला. तिखट लागून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तो थांबला नाही.

परत आल्यावर मास्तरांनी सामान घरात टाकायच्या आधी आपली वेस मोजली. इटलीच्या गाठीपर्यंतची दोरी दीड हात कमी पडली.

"त्यांची आपल्यापेक्षा दीड हात अरुंद," ते मला म्हणाले. चेहरा असा की जणू शर्यत जिंकून आलेत.

विजूनं इटलीतून दुसरंच काहीतरी आणलं होतं. सहा महिन्यांत वेशीच्या आत, वाडीच्या टोकाला त्याचा तिसरा होमस्टे उभा राहिला. नाव 'टस्कनी व्हिला'. समोर सिमेंटची कमान, तिला दगडाचा रंग, आणि नव्याकोऱ्या भिंतींना मुद्दाम पाडलेले तडे. आमचा गवंडी बिचारा तीन वेळा विचारून गेला, "शेठ, नक्की तडे पाडू ना? मागनं बोलायचं न्हाय हां." मुंबईचे पाहुणे यायला लागले. पण त्यांचा टेंपो ट्रॅव्हलर वेशीतून आत जाईना. वडाखाली उतरून, चाकांच्या बॅगा खडीवरून ओढत, घामाघूम होऊन ते जुन्या वेशीतून खोट्या वेशीपर्यंत येत आणि त्या खोट्या वेशीखाली फोटो काढत. मग रेटिंगमध्ये लिहीत की रस्ता वाईट आहे.

तेव्हा विजूनं ग्रामसभेत विषय आणला: गावविकासासाठी वेस रुंद करणे. रुंद करणे म्हणजे पाडणे, हे सगळ्यांना कळत होतं. कमान एका बाजूनं रुंद होत नाही.

त्या ग्रामसभेला मी हजर होतो. विजू पाहुण्यांचं काही बोलला नाही, तेवढा तो हुशार आहे. तो म्हणाला, "अँब्युलन्स आत येत न्हाय. उद्या कोणाला अटॅक आला तर? आपण म्हाताऱ्या माणसांचा विचार करायचा का दगडांचा?" टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवायला निघालो होतो, कारण मुद्दा खोटा नव्हता.

मास्तर उठले. त्यांनी टेबलावर दोरी ठेवली आणि गाठ दाखवली. "ही इटलीची वेस. आपल्यापेक्षा दीड हात कमी. शेकडो वर्षं माणसं तिथं आत राहतात, आजारी पडतात, बाळंत होतात. त्यांनी तीनचाकी ठेवलीय. आपण एक रिक्षा ठेवू वेशीच्या आत. पेशंट रिक्षातनं वेशीपर्यंत, पुढं अँब्युलन्स. एवढंच."

मागून कोणीतरी बोललं. नाव सांगत नाही, माझ्याच भावकीतला. "मास्तर, तुम्हाला काय एवढं त्या वेशीचं? तुमच्या आजोबांना तर तिनं बाहेरच ठेवलं होतं."

सरपंचबाई कागद चाळायला लागल्या.

मास्तर म्हणाले, "म्हणूनच. माझा आजा त्या जोत्यावर म्हातारा झाला. त्याला तुमच्या दगडांनी न्हाय, तुमच्या माणसांनी बाहेर ठेवला. मी घर घेतलं तवा त्याच वेशीतनं चालत आत आलो, दिवसाढवळ्या. आता ती पाडली, तर माझ्या नातवाला मी काय दाखवू? मी कुठनं आलो आणि कुठवर आलो?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण टेबलावरच्या दोरीची गाठ त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, आणि मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला ती मूठ दिसली. मला उठून त्यांच्याशेजारी उभं राहायला हवं होतं. मी घसा खाकरला. एवढंच केलं.

ठराव काय झाला ऐका. रिक्षा ठेवण्यास तत्त्वतः मंजुरी. सहा महिन्यांत अँब्युलन्सअभावी एकाही रुग्णाची गैरसोय झाल्यास वेस रुंद करण्यात येईल. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्यानं नीट आजारी पडायचं, की विजूचा रस्ता मोकळा. रिक्षा आली, पंचायतीच्या पाटीसह आली, आणि पहिल्याच शनिवारी पाहुण्यांना घेऊन काशीदला गेली.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट माझ्या मनासारखा करता येईल. वेस अजून उभी आहे. सहा महिने संपल्यावर विषय निघाला तेव्हा विजूच उठला आणि म्हणाला, "माझा अर्ज मी मागे घेतो," आणि खाली बसून रुमालात तोंड घालून रडला. आता त्याच्या व्हिलाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की गाडी ऐतिहासिक वेशीबाहेर लावून चालत येण्याचा अनुभव घ्या. पाहुणे खूश आहेत. चालण्याचे तो वेगळे लावतो.

तर ती सकाळ. ठरावाला पाच महिने झाले होते. रविवार. मास्तर बाकावर आले नाहीत म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. पायरीवर बसले होते, शर्ट घामानं ओला, डावा हात मांडीवर पडलेला. वहिनी आत बॅग भरत होत्या, रडत होत्या. अँब्युलन्सला फोन झाला होता, अलिबागहून निघाली होती. मी रिक्षावाल्याला फोन लावला. तो पाहुणे घेऊन काशीदला.

"मास्तर, बसा खुर्चीवर. आम्ही चौघं उचलतो," मी म्हणालो. शेजारची पोरं जमली होती, विजूही धावत आला होता. एकानं स्कूटर आणली.

"न्हाय," मास्तर म्हणाले.

"अहो, वेड लागलंय का? चालायचं नाही तुम्ही!"

"अप्पा, त्या वेशीतनं मला कोणी उचलून न्यायचं न्हाय. मी पायानं आत आलोय." मग विजूकडे बघून, दम लागलेला तरी, "आणि गैरसोय झाली असं कोणी लिहायचं न्हाय."

विजूचा चेहरा पांढरा पडला. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, पाया पडतो, मरू दे ती वेस." मास्तरांनी त्याच्या खांद्यावर एक टक मारली.

ते चालले. मी एका बाजूला, विजू दुसऱ्या, पण हात लावू देईनात. एरवी आम्ही गप्पा मारत हे अंतर सहज काटायचो. त्या दिवशी ते संपेना. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो आणि डोळे पुसत होतो. वेशीच्या कमानीखाली ते थांबले, दगडाला हात टेकला, श्वास घेतला. मग बाहेर येऊन जोत्यावर बसले, डावीकडच्या, वेसकराच्या जागेवर. बॅग मांडीवर, त्याच दोरीनं बांधलेली, इटलीची गाठ वर.

अँब्युलन्स आली. ड्रायव्हर पोरगेलासा होता, घाईत मागचं दार वेशीकडे करायला म्हणून गाडी उलटी घेऊ लागला. मागचा पत्रा जोत्याच्या दगडाकडे सरकत होता. मास्तरांनी छातीवरचा हात काढला आणि उंच केला.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार... येऊ दे... बास!"

गाडी दगडापासून वीतभर लांब थांबली.

त्यांना आत झोपवलं, वहिनी शेजारी बसल्या, दार लागलं. ड्रायव्हर मागे वळून बघत होता, झालं का, निघू का, म्हणून. तेवढ्यात आतून पत्र्यावर दोनदा टकटक झाली, आणि गाडी सुटली.